नेपच्यूनपर्यंत पोहोचलो, तेरा किलोमीटर खोल का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे : माणूस चंद्रावर उतरून परत आला, त्याने पाठवलेली याने सूर्यमालेच्या वेशीपलीकडे गेली, मग पायाखालच्या जमिनीत तो सव्वाबारा किलोमीटरच्या पुढे का जाऊ शकला नाही, आणि यात पैशाचा व इच्छेचा भाग किती आणि निसर्गाच्या अडथळ्याचा किती? मी गेली सव्वीस वर्षे खोल विहिरींच्या वेधनाचे काम करतो आहे. त्यातली बरीचशी तेल आणि वायूच्या विहिरींवर गेली, काही भूऔष्णिक विहिरींवर. त्यामुळे माझे माप कोणत्या बाजूला झुकणार हे उघडच आहे, तरी अवकाशात काम करणाऱ्यांवर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेतो.

सुरुवात १९८९ या सालापासून करणे सोयीचे आहे. तेव्हाच्या सोव्हिएत संघात, नॉर्वेच्या सीमेजवळ कोला द्वीपकल्पावर, मे १९७० मध्ये एसजी-३ नावाचे विवर खोदायला सुरुवात झाली होती. ते १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोलीवर पोहोचले, आणि सरळ खाली मोजलेल्या खोलीत त्याच्या पुढे आजवर कोणी गेलेले नाही. त्याच वर्षी २५ ऑगस्टला व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनच्या अगदी जवळून गेले आणि पृथ्वीपासून सुमारे साडेचार अब्ज किलोमीटर अंतरावरून त्याने तिथली छायाचित्रे पाठवली. ते यान १९७७ साली निघाले होते, म्हणजे कोलाचे विवर सुरू होऊन सात वर्षे झाल्यानंतर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. एक मीटर व्यासाचा गोल समोर ठेवला आणि तो पृथ्वी आहे असे मानले, तर कोलाचे विवर त्यावर एक मिलिमीटरसुद्धा खोल भरत नाही. भूकवच खंडांखाली साधारण ३० ते ५० किलोमीटर जाड असते, म्हणजे तेदेखील आम्ही पार केलेले नाही. प्रावरण आणि गाभा तर फारच पुढच्या गोष्टी.

या फरकाचे माझ्या मते एक मूळ कारण आहे आणि बाकीची बहुतेक कारणे त्यातूनच फुटतात. अवकाशात वाट आधीपासून मोकळी असते. अडचण उंबरठ्यावर असते : गुरुत्वाकर्षणाच्या खळग्यातून बाहेर पडण्यासाठी लागणारा वेग मिळवायचा. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाणारा अग्निबाण त्याला लागणारा वेग आठ-दहा मिनिटांत गाठतो, आणि एकदा तो मिळाला की यान इंजिन बंद करून वर्षानुवर्षे चालत राहते. जमिनीखाली वाट नसतेच. ती इंचाइंचाने करावी लागते, कापलेला प्रत्येक तुकडा वर आणून टाकावा लागतो, आणि केलेली वाट रोज राखावी लागते, कारण आजूबाजूचा खडक ती बुजवायला टपलेला असतो. शिवाय प्रत्येक मीटर मागच्या मीटरपेक्षा अवघड असतो. अग्निबाणासाठी सर्वांत कठीण किलोमीटर पहिले असतात. आमच्यासाठी सर्वांत कठीण किलोमीटर नेहमी पुढचा असतो.

‘खडक वाट बुजवतो’ हे अलंकारिक वाटू नये म्हणून थोडे आकडे देतो. बारा किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाच्या वजनाचा दाब हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारे ३,२०० पट असतो. तिथे आपण वीसेक सेंटिमीटर रुंदीचे भोक पाडतो, म्हणजे आतापर्यंत चारही बाजूंनी दाबून धरलेल्या खडकाला अचानक एक मोकळी जागा देतो. खडक त्या जागेत शिरू पाहतो. भिंतींचे पापुद्रे सुटतात, गोल भोक लंबगोल होते, आणि शेल म्हणजे पंकाश्मासारखा खडक असेल तर तो पाणी शोषून फुगतो आणि खोदाईच्या पाइपाला आवळतो. कोलाच्या विवरातून वर काढलेले खडकाचे गाभे, म्हणजे दंडगोल नमुने, अनेकदा चकत्यांच्या स्वरूपात हाती आले. दाब सुटल्याबरोबर खडक आडवा तडकत गेला होता. अशी एक चकती मी हातात धरली आहे, अर्थात दुसऱ्या विहिरीतली. नाण्यांची चळत एकावर एक रचून ठेवावी तसा तो गाभा पेटीत पडलेला होता आणि प्रत्येक चकतीची कड ताज्या फुटीची, धारदार होती. खाली असताना तो एकसंध ग्रॅनाइट होता.

या दाबाला आम्ही उत्तर देतो ते मडने. रिगवरचा, म्हणजे खोदाईच्या यंत्रस्थळावरचा, हा शब्द बाहेरच्या माणसाला हास्यास्पद वाटतो, कारण शेवटी तो चिखलच असतो : पाणी किंवा तेल, त्यात बेंटोनाइट माती, वजन वाढवण्यासाठी बॅराइटची भुकटी आणि काही रसायने. हा मड पाइपांच्या पोकळीतून खाली जातो, बिटच्या, म्हणजे तळाशी खडक कापणाऱ्या हत्याराच्या, छिद्रांतून जोराने बाहेर पडतो, खडकाचा चुरा उचलतो आणि पाइप व भिंत यांच्यामधल्या जागेतून वर येतो. तो बिटला थंड ठेवतो, चुरा वाहून नेतो आणि स्वतःच्या वजनाने विवराच्या भिंतींना आतून टेकू देतो. सगळी कसरत त्याच्या वजनाची असते. मड हलका झाला तर खडकातले पाणी, तेल किंवा वायू आत घुसतो. त्याला आम्ही किक म्हणतो आणि ती वेळीच आवरली नाही तर विहीर उसळते. मड जड झाला तर तो खडकालाच तडा पाडतो आणि त्या तड्यात निघून जातो. वर टाकीतली पातळी डोळ्यांसमोर खाली जाताना दिसते आणि पोटात गोळा येतो. या दोन वजनांमधली फट म्हणजे आमची काम करण्याची जागा. खोल जावे तसतशी ती अनेक ठिकाणी इतकी अरुंद होते की वरच्या थराला सोसेल ते वजन खालच्या थराला पुरत नाही आणि खालच्याला पुरेल ते वरच्याला सोसत नाही.

अशा वेळी उपाय एकच : झालेल्या विवरात पोलादी नळी, म्हणजे केसिंग, उतरवायची, तिच्या बाहेरून सिमेंट भरायचे आणि मग तिच्या आतून लहान बिट घालून पुढे खोदायचे. पुढच्या अडचणीच्या थराला पुन्हा तेच करावे लागते. म्हणजे प्रत्येक संरक्षणाची किंमत रुंदीने मोजावी लागते. दुर्बिणीच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांसारखी रचना होत जाते. वर पाऊण मीटर रुंद असलेले भोक तळाशी वीतभर उरते. म्हणून खोल विहिरीचा आराखडा तळापासून वर करावा लागतो : शेवटी किती रुंदी हवी ते ठरवून मग आधीच्या नळ्या मोजायच्या. एखादा अनपेक्षित थर आला आणि राखून ठेवलेली नळी तिथे वापरावी लागली, की अंतिम खोली त्याच दिवशी कमी झालेली असते. इंधन संपत जाते तसे आमचे व्यास संपत जातात.

आता रोजच्या कामाकडे येतो, कारण वेळ कुठे जातो हे बाहेरच्याला कळत नाही. बिट कठीण खडकात काही तास ते दोन-तीन दिवस टिकतो. तो झिजला की बदलायचा, आणि बदलण्यासाठी सगळी पाइपांची माळ वर काढायची. तीन पाइप जोडून साधारण सत्तावीस मीटरचा एक तुकडा होतो. तो वर ओढायचा, खालच्या माळेला पाचरींनी पकडायचे, सांधा सोडवायचा, तुकडा डेरिकमध्ये, म्हणजे रिगच्या उंच मनोऱ्यात, उभा करायचा आणि पुढचा ओढायचा. पाच किलोमीटरच्या विहिरीत हे सुमारे १८५ वेळा करावे लागते आणि सगळे सुरळीत चालले तरी आठ-दहा तास जातात. नवा बिट लावून तेवढेच तास पुन्हा खाली जाण्यासाठी. बारा किलोमीटरवर हीच संख्या साडेचारशेच्या घरात जाते आणि एका जाण्यायेण्यात दीड-दोन दिवस खर्च होतात, ज्यांत एक मिलिमीटरही खोदाई होत नाही. पहाटे चारला, पाऊस पडत असताना, शेवटचा तुकडा वर यावा, बिट दिव्याखाली धरावा आणि त्याच्या खडक चिरडणाऱ्या तीन शंकूंपैकी एक जागेवर नाही असे दिसावे, यासारखा वाईट क्षण या धंद्यात फार थोडा. तो शंकू तळाशी पडलेला असतो, आणि पोलादाचा तो गोळा बाहेर काढल्याशिवाय किंवा फोडून टाकल्याशिवाय नवा बिट खाली सोडण्यात अर्थ नसतो.

पाइपांचे स्वतःचे वजन हा आणखी एक हिशेब. नेहमीच्या वापरातला पोलादी पाइप मीटरला जवळपास तीस किलो भरतो, म्हणजे बारा किलोमीटरची माळ साडेतीनशे टनांच्या आसपास जाते, आणि हा सगळा भार सर्वांत वरच्या सांध्यावर येतो. पाच किलोमीटरची माळ मडमध्ये लोंबकळताना केवळ स्वतःच्या वजनाने तीन-चार मीटर लांबते. वरून फिरवायला सुरुवात केली की तळाचा बिट हलण्याआधी माळेला कित्येक पूर्ण पीळ बसतात. खाली बिट अडकला आणि मग अचानक सुटला तर तो पीळ झटक्यात उलगडतो. म्हणूनच कोलाच्या अभियंत्यांनी हलके ॲल्युमिनियमचे पाइप वापरले, आणि माळ वरून फिरवण्याऐवजी मडच्या प्रवाहावर चालणारी टर्बाइन तळाशी बसवून प्रामुख्याने बिटच फिरवला. ही युक्ती मला अजूनही त्या प्रकल्पातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

माळ अडकणे म्हणजे काय ते एका स्वतःच्या प्रसंगावरून सांगतो. एका विहिरीवर आम्ही ४,३०० मीटरच्या आसपास शेलमध्ये होतो. मडचा मुख्य पंप बंद पडला आणि दुसरा जोडून प्रवाह सुरू होईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. त्या चाळीस मिनिटांत वर वाहत असलेला चुरा जागच्या जागी खाली बसला आणि बहुधा भिंतीचाही काही भाग ढासळला. पंप सुरू केल्यावर दाब चढतच गेला, मड वर येईना. माळ ओढली तर काट्यावर नेहमीपेक्षा साठ टन जास्त दिसले आणि ती जागची हलली नाही. पुढचे अकरा दिवस आम्ही ओढणे, दाबणे, पिळणे, माळेतल्या जार नावाच्या साधनाने खालून हातोडा मारावा तसे धक्के देणे, आवळलेल्या जागी वंगण घालणारे द्रव सोडणे, असे सगळे करून पाहिले. शेवटी माळ कुठपर्यंत मोकळी आहे ते मोजले, तिथे स्फोटक उतरवून पाइप तोडला, वरचा भाग काढून घेतला, राहिलेल्या भागावर सिमेंटचे बूच बसवले आणि बाजूने नवी शाखा काढली. खालची मोजमापाची साधने आजही तिथेच आहेत. कोणाची मोठी चूक झाली होती असे नाही. चाळीस मिनिटे वाट राखता आली नाही, एवढेच.

कोलाला याच प्रकारचा फटका १९८४ मध्ये बसला. विवर १२,०६६ मीटरवर असताना माळ तुटली आणि सुमारे पाच किलोमीटर पाइप आत राहिला. तो काढता आला नाही म्हणून साधारण सात किलोमीटरपासून नवी शाखा काढून पुन्हा सगळे खोदावे लागले. १९८४ ते १९८९ या पाच वर्षांची खोलीतली निव्वळ कमाई १९६ मीटर.

उष्णतेचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण दाबाला मडने उत्तर देता येते पण उष्णतेपासून पळायला जागाच नसते. खंडांवर साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सियसने तापमान वाढते. जुन्या, थंड भूभागात ही वाढ कमी असते, आणि कोलाची निवड करताना तो एक फायदा होता. तळाशी १०० अंशांच्या आसपास तापमान मिळेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात १८० अंश मिळाले. ठरलेल्या १५ किलोमीटरवर ते ३०० च्या घरात गेले असते, आणि १९९२ मध्ये खोदाई थांबली ती प्रामुख्याने याच गणितापुढे. जर्मनीत बव्हेरियातल्या विंडिशएशेनबाख गावाजवळ केटीबी नावाचे विवर १९९४ मध्ये ९,१०१ मीटरवर थांबले, कारण तिथे २६५ अंशांच्या आसपास तापमान होते. तीनशे अंशांच्या पुढे खडकातले क्वार्ट्झ ठिसूळपणा सोडून हळूहळू वाहू लागते. बिट बाहेर काढला की विवर मिटू लागते. विद्युत साधने त्याच्या फार आधी हात टेकतात. खाली उतरवण्याच्या नेहमीच्या उपकरणांची मर्यादा १५० ते १७५ अंश असते. त्यापुढे उपकरण थर्मासच्या बाटलीसारख्या निर्वात आवरणात घालून उतरवतात, आणि मग ते तापायच्या आत, चार-सहा तासांत, मोजमाप उरकून वर ओढायचे असते. अवकाशातले यान आपली जास्तीची उष्णता काळ्या, थंड आकाशाकडे टाकू शकते. आमच्या उपकरणाला चारही बाजूंनी तापलेला खडकच असतो.

याची पडताळणी अवकाशातच झालेली आहे. अंतराळस्थानकाच्या भिंतीच्या आतबाहेर दाबाचा फरक फक्त एका वातावरणाएवढा असतो. भिंत पातळ असून चालते ती त्यामुळे. पण शुक्रावर पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६० अंश आणि दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे, आणि तिथे १९८२ मध्ये उतरलेले व्हेनेरा १३ हे भक्कम यान १२७ मिनिटे काम करू शकले. व्हॉयेजर मात्र जवळपास अर्धे शतक चालत आले आहे. जिथे जिथे अवकाशयानाला उष्णता आणि दाब एकत्र भेटले, तिथे त्याचीही गत आमच्या उपकरणांसारखीच झाली, आणि दाबाच्या बाबतीत शुक्र आमच्या लेखी अगदी उथळ विहीर आहे.

संदेशवहनाचा मुद्दा सहसा कोणी लक्षात घेत नाही. व्हॉयेजर २ ने नेपच्यूनहून सेकंदाला सुमारे २१ हजार बिट (इथे बिट म्हणजे संगणकीय माहितीचे एकक) या वेगाने माहिती पाठवली, आणि तीही घरातल्या दिव्याएवढ्या शक्तीच्या प्रक्षेपकावरून, कारण मधल्या साडेचार अब्ज किलोमीटरमध्ये रेडिओ लहरींना अडवणारे जवळपास काही नव्हते. खडकातून रेडिओ लहरी जात नाहीत. खोदाई चालू असताना तळाची माहिती वर आणण्याची नेहमीची पद्धत म्हणजे मडच्या प्रवाहात झडप उघडझाप करून दाबाचे ठोके पाठवणे, आणि ते वर कोणी तरी नाडी मोजावी तसे मोजणे. त्यातून पाच किलोमीटरवरून सेकंदाला मोजके काही बिट मिळतात. तारा बसवलेले पाइप आले आहेत, पण शेकडो सांध्यांतला एक जरी बिघडला तरी सगळी माळ मुकी होते. खडकाचा प्रत्यक्ष चुरा वर यायला पाच किलोमीटरहून दोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे चाळणीवर जो खडक मी पाहतो तो बिटने दोन तासांपूर्वी सोडलेला असतो.

आणि जायच्या आधी पाहता येत नाही, ही तर सर्वांत मोठी उणीव. नेपच्यून १८४६ पासून दुर्बिणीतून दिसत होता, त्याची कक्षा माहीत होती, व्हॉयेजर तिथे कधी पोहोचेल हे आधीच काढता येत होते. जमिनीखालचे चित्र आम्ही भूकंपलहरींच्या प्रतिध्वनीवरून रेखाटतो, आणि ते चित्र बरोबर असले तरी त्याचा अर्थ चुकू शकतो. कोलाला सात किलोमीटरच्या सुमारास ग्रॅनाइट संपून बेसाल्ट लागेल अशी अपेक्षा होती, कारण तिथे लहरींचा वेग बदलत होता. बेसाल्ट लागलाच नाही. वेग बदलत होता तो खडकाच्या रूपांतरामुळे आणि त्यातल्या भेगांमुळे, आणि त्या भेगांत पाणी होते, जे एवढ्या खोलीवर असेल असे फार थोड्यांना वाटत होते. मडमध्ये इतका हायड्रोजन मिसळून आला की तो उकळल्यासारखा दिसत होता. आइसलँडमध्ये क्राफ्ला येथे २००९ साली भूऔष्णिक विवर साडेचार किलोमीटरपर्यंत नेण्याचा बेत होता आणि २,१०० मीटरवरच बिट थेट शिलारसात घुसला. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात १९७४ मध्ये ९,५८३ मीटरवर एका वायूविहिरीला वितळलेले गंधक लागले आणि विहीर तिथेच थांबली. या तिन्ही ठिकाणी माणसे अनुभवी होती.

आता इच्छेचा आणि पैशाचा भाग. तो आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमेरिकेने प्रावरणापर्यंत जाण्यासाठी मोहोल नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाजवळ साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, समुद्रतळाच्या खाली १८३ मीटर खोदून बेसाल्ट मिळवला गेला, आणि १९६६ मध्ये अमेरिकी संसदेने निधी थांबवला. त्याच वर्षांत चंद्राच्या कार्यक्रमाला पैसा मिळत होता. आकाशाकडे बोट दाखवता येते, विवराचे तोंड दाखवून लोकांना काय दाखवणार? तरीही मला वाटत नाही की अपोलोएवढा पैसा ओतला असता तर आपण आज शंभर किलोमीटर खोल असतो. फार तर पंधरा, कदाचित अठरा, आणि तेही थंड खडकात. तेल उद्योगाने खोल वेधनावर प्रचंड पैसा खर्च केला आहे, आणि रशियातल्या सखालिन बेटाच्या किनाऱ्यावर १२ किलोमीटरहून लांब विहिरीही खोदल्या आहेत. पण त्या आडव्या पसरलेल्या आहेत, त्यांची खोली त्या मानाने पुष्कळ कमी आहे. चीनच्या तारिम खोऱ्यातली विहीर २०२५ च्या सुरुवातीला १०,९१० मीटरवर पूर्ण झाली, आजच्या यंत्रांनी, आणि तीसुद्धा कोलाच्या मागेच राहिली. छत्तीस वर्षांत यंत्रे फार सुधारली. खडकाचे तापमान काही बदलले नाही.

एका बाबतीत अवकाशाचे काम निश्चित अवघड आहे, ते म्हणजे जिवंत माणूस नेणे. आमच्या भोकातून माणूस जात नाही, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. माणूस स्वतः जिथे उतरतो ती दक्षिण आफ्रिकेतली पोनेंग सोन्याची खाण चार किलोमीटरच्या आसपास खोल आहे. तिथला खडक ६० अंशांपुढे तापलेला असतो आणि हवा थंड करण्यासाठी बर्फाचा लगदा खाली सोडावा लागतो.

मग पृथ्वीच्या पोटात काय आहे हे आपल्याला कळले कसे? न जाता कळले. १९०६ मध्ये ओल्डहॅम यांनी भूकंपलहरींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखवले, १९०९ मध्ये मोहोरोविचिच यांनी भूकवचाचा तळ, आणि १९३६ मध्ये इंगे लेहमान यांनी अंतर्गाभा. ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट नावाच्या खनिजाचा कण सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे खनिज साधारण ५२० ते ६६० किलोमीटर खोलीच्या दरम्यान तयार होते आणि त्या कणाच्या रचनेत पाण्याचा अंश होता. म्हणजे ज्वालामुखीने जो नमुना फुकट वर आणून दिला, तो आमच्या सर्वांत खोल विवराच्या चाळीस-पन्नास पट खोलीचा आहे. हे लिहिताना थोडे खजील व्हायला होते.

नव्या पद्धतींबद्दल नेहमी विचारले जाते म्हणून दोन शब्द. अतिसूक्ष्म लहरींच्या झोताने खडक वितळवून किंवा वाफ करून विवर पाडण्याचे प्रयोग चालू आहेत. त्यात बिट झिजण्याचा प्रश्न सुटतो, आणि माझ्या हिशेबाने तो निम्मा वेळ वाचवणारा आहे. पण वाफ झालेला खडक वर आणावाच लागतो, भिंत उभी ठेवावीच लागते, आणि जड मडऐवजी वायू भरलेल्या विवरात बाहेरच्या दाबाला टेकू कशाचा द्यायचा याचे समाधानकारक उत्तर मी अजून पाहिलेले नाही. अमेरिकेत काम करणारे ग्रहशास्त्रज्ञ डेव्हिड स्टीव्हन्सन यांनी २००३ मध्ये याहून धाडसी कल्पना मांडली होती : पृथ्वीला मोठी भेग पाडायची, त्यात किमान लाखभर टन वितळलेले लोखंड ओतायचे आणि त्याच्या वजनाने भेग गाभ्यापर्यंत आपोआप उतरू द्यायची, सोबत ग्रेपफ्रूट या फळाएवढे एक उपकरण. त्यांनीही ती अर्धी गंमत म्हणूनच मांडली होती. मात्र त्यातली एक गोष्ट कामाचा माणूस लगेच ओळखेल : त्यांनी वाट उघडी ठेवण्याचा विचारच सोडून दिला होता, भेग मागे मिटत गेली तरी चालणार होते.

प्रत्यक्षात प्रावरण गाठायचे झाले तर ते समुद्रातूनच गाठले जाईल, कारण तिथे भूकवच सहा-सात किलोमीटरच जाड आहे. २०२३ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन या जहाजाने मध्य अटलांटिकमध्ये, जिथे प्रावरणाचा खडक भूहालचालींनी आपणच वर सरकलेला आहे, तिथे १,२६८ मीटर खोदून त्या खडकाचे लांबलचक गाभे मिळवले. अखंड भूकवच भेदून जाण्याची क्षमता असल्याचे सांगितले जाणारे ‘मंग श्यांग’ हे चिनी जहाज २०२४ मध्ये सेवेत आले. ते कुठे उभे राहील त्यावर बरेच अवलंबून आहे : कवच थंड हवे तर ते जुने हवे, आणि जुने कवच खोल पाण्याखाली असते, म्हणजे खडकाला हात लावण्याआधीच चार किलोमीटर पाइप पाण्यात लोंबकळणार. पूर्व प्रशांत महासागरात १२५६डी नावाचे एक विवर २००२ पासून टप्प्याटप्प्याने खोल केले जात होते. २०११ च्या मोहिमेत जहाज तिथे परत गेले, आणि त्या मोहिमेचा बहुतेक सगळा वेळ आधीच्या विवरातली पडझड साफ करण्यात, ढासळणारा भाग सिमेंटने थोपवण्यात आणि तळाला साचलेले लोखंडाचे तुकडे व चुरा उपसण्यात गेला. विवर १,५०७ मीटरवरून १,५२२ मीटरवर गेले. नवीन खोदाई भरली जेमतेम पंधरा मीटर.